हलणारे दगड

आमच्या ह्यांना सगळा जिल्हा दोरी म्हणतो. माणसाला दोरी म्हणणं काही बरं नाही, पण ह्यांना ते आवडतं, म्हणून मीही त्यावरून कधी कुणाशी भांडले नाही. चाळीस वर्षं झाली, ट्रॅक्टर घेऊन लोकांची रानं नांगरून देतात. ह्यांनी नांगरलेल्या शेताच्या एका टोकाला उभं राहून बघा, नांगराचा तास थेट समोरच्या बांधाला जाऊन भिडलेला दिसेल. मध्ये कुठे वाकडं नाही, तुटलेलं नाही. म्हणून दोरी.

बोलणं मात्र विचारू नका. लग्नाला चौतीस वर्षं झाली. तेवढ्या काळात हे जे काही बोलले ते सगळं लिहून काढलं तर एका वहीत मावेल, आणि वहीची मागची पानं मला किराणा लिहायला उरतील. "भूक लागली." "चष्मा कुठाय?" "डिझेल आणायचंय." संपलं. सुरुवातीला मला वाटायचं, रागावलेत. मग वाटायला लागलं, मुकाट्याने माझ्यावर हसतायत. आता काही वाटत नाही, मी दोघांचंही बोलून टाकते.

मी शेती अनुदान कार्यालयात आहे. खाली खिडकीवर अर्ज घेतात, वर माझं टेबल. खोलीला दोन खिडक्या, त्यातली एक उघडते. सरकार शेतकऱ्याला दर वर्षी एकरामागे काही रक्कम देतं, आणि द्यायच्या आधी, ज्याने दहा एकर लिहिलेत त्याचे खरंच दहा आहेत का ते बघतं. त्यासाठी नांगरटीच्या दिवसांत एक विमान जिल्ह्यावरून फिरतं आणि फोटो काढून जातं. ते फोटो माझ्या पडद्यावर येतात. प्रत्येक शेताची कड मी माऊसने आखते आणि शेतात जे पिकाखाली नाही ते वेगळं काढते. गोठा, झाड, विहीर, जे असेल ते. त्याच्यापुढे यादीतून कारण निवडायचं. जागा अगदीच लहान असली तर पैसे कापत नाहीत, पण आखावी मात्र लागतेच. सरकारला पैसे कमी पडले तर चालतं, रेघा कमी पडलेल्या चालत नाहीत.

ते ठिपके मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी दिसले. नांगरून काळ्या झालेल्या शेतात मधेच एक हिरवट ठिपका. लांबट, एका टोकाला चिमटलेला, भोपळ्याच्या बीसारखा. एका शेतात एक, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एकही नाही. खाली खिडकीवर चौकशी केली, तर शेतकरी म्हणाले, दगड आहे तिथे. बरं. मी यादीतून दगड निवडला. पुढच्या वर्षी त्याच शेतात दगड जागेवर नव्हता. म्हणजे होता, पण चांगला पन्नास पावलं ओढ्याकडे सरकला होता.

माझं डोकं एकदा तापलं की मी पत्रं लिहिते. नऊ जणांना पाठवलं. "आपल्या शेतातील दगड गतवर्षीच्या जागी आढळून येत नाही. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा." लेखी खुलासा कुणी केला नाही. कोंबडीवाला मात्र पत्र हातात घेऊन धडधड जिना चढून वर आला. तो कोंबड्या पाळतो आणि बोलतोही त्यांच्यासारखाच, थांबत नाही.

"बाई, दगड रात्री कुठे जातो, कुणाबरोबर जातो, मला काय माहीत? मी काय त्याच्यावर पाळत ठेवू?"

आमचे साहेब चहा पीत होते. इतके हसले की चहा नाकात गेला. तेव्हापासून ऑफिसात काही सापडेनासं झालं, स्टेपलर म्हणा, फाइल म्हणा, की कुणीतरी म्हणणारच, "ओढ्याकडे सरकलं असेल." मी एकटीच कधी हसले नाही. कारण हसणाऱ्यांना काय, ठिपके आखत मी बसत होते. दर वर्षी तीस-चाळीस. त्या दगडांना मी एकोणीस वर्षं मनसोक्त शिव्या घातल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, नवरा सगळ्या जिल्ह्याची शेतं नांगरतो, त्याला का नाही विचारलं? नाही विचारलं. नवरा शेतं नांगरणारा, बायको शेतं मोजणारी. घरात इकडचा शब्द तिकडे झाला असता तर गावभर बोभाटा झाला असता, की हिला सगळं आतून कळतं. म्हणून नोकरी लागली त्याच दिवशी मी सांगून टाकलं. ह्यांनी रानातलं घरी बोलायचं नाही, मी कागदातलं बोलायचं नाही. ह्यांना ते पाळणं जड गेलं असेल असं काही मला वाटत नाही.

आता अक्कांबद्दल सांगते, कारण सगळं घडलं ते त्यांच्यामुळे. अक्का आमच्या शेजारी राहतात. सत्तरी ओलांडलेली, घरात एकट्या, बारा एकर जमीन आणि जीभ अशी धारदार की पोस्टमन पत्र फाटकातच ठेवून पळतो. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी त्या माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. पिशवी मांडीवर, पिशवीत एक घडी घातलेला कागद. सरकारची एक वेगळी योजना निघाली होती. ओढ्याकाठची पट्टी पाच वर्षं नांगरायची नाही, तशीच वाढू द्यायची, म्हणजे टिटव्यांसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना जागा राहील. त्याचे दर वर्षी चांगले पैसे मिळणार होते. अट एकच होती. मध्ये नांगर फिरला तर करार मोडला, आणि आजवर दिलेलं सगळं परत.

"बाकीचं रान वाट्याने देते, त्यात माझं औषधपाणी होतं," अक्का म्हणाल्या. "ह्या पट्टीवर घर चालेल. नाहीतर तो खडीवाला दोनदा येऊन गेलाय. ओढ्याकाठचं सगळं द्या म्हणतो."

मी अर्ज भरून घेतला. उठता उठता त्यांनी माझं मनगट धरलं.

"हे बघ, कुणाला सांगायचं नाही. तण वाढवायचे पैसे घेते म्हणून लोक तोंडावर हसतील. तुझ्या दोरीलाही नाही."

मी म्हटलं, "ऑफिसचं ऑफिसात, अक्का. काळजी करू नका."

चार वर्षं मी शब्द पाळला. चार वर्षं हे अक्कांचं वरचं रान नांगरायला जायचे आणि विचारायचे, "खालची पट्टी?" अक्का म्हणायच्या, "राहू दे." एवढंच. आणि हे गुपचूप परत यायचे. पण ह्यांच्या मनात काय चाललं होतं ते आम्हा दोघींपैकी कुणालाच कळलं नाही. ह्यांना वाटायचं, म्हातारीला आता सगळं परवडत नाही आणि तोंडाने सांगायची लाज वाटते. चांगली पट्टी, कमरेएवढं तण माजलेलं, आणि शेजारी असून आपण नुसतं बघतोय.

पाचव्या वर्षी अक्का शिडीवरून पडल्या. पडदा काढत होत्या. ह्या वयात शिडीवर चढायचं काही कारण नव्हतं, पण ते त्यांना कोण सांगणार? खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, दीड महिना तिथेच राहावं लागणार होतं.

आणि त्यानंतर एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाने घरी आले, तर हे चहाच्या टेबलाशी बसलेले. हात धुतलेले, केस ओले, चेहऱ्यावर समाधान. आपण होऊन बोलले.

"अक्कांचं सगळं रान करून टाकलं. खालच्या पट्टीसकट. पैसे घेणार नाही."

त्या वर्षातलं ते ह्यांचं सगळ्यात लांब भाषण. माझा कप तसाच हातात राहिला.

"पट्टी? कुठली पट्टी?"

"ओढ्याकाठची."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुणी सांगितलं होतं? कुणी विचारलं होतं? परोपकार करायला दुसरं रान मिळालं नाही? समोरच्या घरातल्या बाईने खिडकी बंद केली, इतका माझा आवाज चढला होता. हे उभे राहून ऐकत होते. मग मी सगळं सांगितलं. योजना, करार, खडीवाला, सगळं. सांगता सांगता माझाच आवाज बसत गेला. कारण मला कळत होतं की "मला कुणी सांगितलं होतं?" असं हे एका वाक्यात म्हणू शकत होते, आणि म्हणत नव्हते. चार वर्षांत मी घरात एक शब्द बोलले असते तर हे झालं नसतं.

शेवटी हे म्हणाले, "परत गवत लावलं तर?"

मी डोक्याला हात लावला.

खोटं कशाला बोलू, त्या दुपारी एकदा माझ्या मनात आलंच. फाइल माझ्याच कपाटात आहे. कड आखणारी मीच आहे. पण विमान दोनच तासांपूर्वी डोक्यावरून गेलं होतं, आणि नसतं गेलं तरी मी ते केलं नसतं. करायला लागले असते तर पुन्हा त्या खुर्चीत बसवलं नसतं मला. मग मी नियमांचं पुस्तक काढलं आणि शेवटून वाचायला घेतलं. सवलती नेहमी शेवटी असतात, जिथपर्यंत कुणी वाचत नाही.

एक कलम सापडलं. मी ते ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. धारकाच्या नकळत दुसऱ्याने पट्टी नांगरली असेल, धारकाने दहा दिवसांत स्वतःच्या सहीने ते कळवलं असेल, आणि जागेवर पक्ष्यांची वीण चालू असल्याचं तपासणीत आढळलं, तर करार न मोडता एक वर्ष वाढवावा.

"वीण म्हणजे अंडी?" ह्यांनी विचारलं.

"अंडी, पिल्लं, काहीही. पण आता काय, नांगर फिरवून मोकळे झालात ना तुम्ही!"

"किती लागतात?"

"अहो, एक असलं तरी चालेल! तुम्ही काय बाजारातून आणणार आहात?"

ह्यांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. मला वाटलं, माझं बोलणं सहन झालं नाही.

रविवारी आम्ही दवाखान्यात गेलो. सही अक्कांचीच हवी होती, म्हणजे त्यांना सांगणं भाग होतं. वॉर्डाच्या दाराशी मी पुढे व्हायला लागले, तर ह्यांनी माझ्या हातातून अर्ज घेतला.

"मी एकटा जातो."

"अहो, तुम्ही काय सांगणार? तुम्हाला बोलता येतं का?"

"नांगर मी चालवला," हे म्हणाले आणि आत गेले.

मी बाहेर बाकावर बसले. समोर वजनाचं यंत्र होतं, त्याचा काटा शून्याच्या थोडा पुढेच अडकलेला. आतून काही ऐकू येत नव्हतं, आणि अक्कांच्या बाबतीत हे लक्षण बरं नव्हतं. अर्ध्या तासाने हे बाहेर आले. डोळे लाल. अर्जावर सही होती, थरथरती, रेघ सोडून वर गेलेली.

"काय म्हणाल्या?"

"बरंच."

मी आत गेले. सहा खाटा, चाकांवरचा पडदा, झाकण घातलेला पाण्याचा जग. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"तुला माहीत होतं ना सगळं?" त्या भिंतीलाच म्हणाल्या. "नवऱ्याला एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणालात, सांगू नको."

"मी म्हणाले! मी काय म्हणते ते आजवर कधी ऐकलंस? नेमकं हेच ऐकायचं सुचलं?"

मी खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळाने त्यांनी न वळताच हात मागे केला, तो मी धरला. नुसती हाडं लागत होती.

"जमीन जाईल का गं?" आवाज एकदम लहान झाला होता. "मला घरी जायचंय. माझ्या खिडकीतून ओढा बघायचाय मला. खडीचे ढीग नाही बघायचे."

मी एकोणीस वर्षं लोकांना नाही म्हणत आले आहे, त्यात माझा हात कुणी धरत नाही. पण त्या दिवशी मला नाहीही म्हणता येईना आणि होही म्हणता येईना. "उशी सरळ करू का?" असं काहीतरी मी विचारलं.

सोमवारी उघडल्या उघडल्या मी साहेबांसमोर अर्ज ठेवला. म्हटलं, शेजारीण माझी, नांगर माझ्या नवऱ्याचा, ही फाइल माझ्याकडे नको. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या जिल्ह्यातून तपासनीस मागवला. त्या आठवड्यात हे रोज संध्याकाळी अर्धा तास कुठेतरी जायचे आणि बुटांना चिखल लावून यायचे. मी विचारलं नाही. आमचं बोलणं जवळजवळ बंदच होतं. म्हणजे माझं बंद होतं, ह्यांच्यात काय फरक पडला ते ओळखता आलं नसतं.

बुधवारी तपासनीस बाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात दुर्बीण, हातात टॅबलेट. साहेब बरोबर आले होते. मी रजा टाकली होती, मी तिथे फक्त शेजारीण म्हणून उभी होते. बांधावर चढेपर्यंत मी खालीच बघत होते, काळी नांगरलेली पट्टी बघायचा धीर होत नव्हता.

"अरेच्चा," तपासनीस बाई म्हणाल्या.

मी वर पाहिलं. पट्टी काळी होती, तास सरळ होते. पण पट्टीच्या मधे मधे उंच गवताचे पुंजके उभे होते. एक, दोन, तीन, सहा. प्रत्येक तास पुंजक्यापर्यंत येत होता, तिथे थांबत होता, आणि पलीकडून पुन्हा त्याच रेषेत पुढे जात होता. ह्यांचा तास, आणि तुटलेला! चौतीस वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे ह्यांच्या नांगरटीच्या मधोमध जाऊन मी कधी उभीच राहिले नव्हते. लोक बांधावरून बघतात तेच मीही बघत आले होते.

तेवढ्यात एका पुंजक्यातून टिटवी उठली आणि आमच्या डोक्यावर येऊन जीव तोडून ओरडायला लागली. तपासनीस बाईंनी आम्हाला हाताने मागे सारलं आणि दुर्बीण लावली. बराच वेळ एकेक पुंजका बघत होत्या. मग ह्यांच्याकडे वळल्या.

"हे कुणी सोडलं?"

"मी."

"तुम्हाला योजनेची माहिती होती?"

"नाही."

"मग का सोडलं?"

ह्यांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी पायात बूट का घातलेत असं विचारलंय.

"अंडी होती ना तिथे."

तपासनीस बाईंनी टॅबलेटवर शनिवारचा फोटो उघडला आणि साहेबांना दाखवायला लागल्या. मी मान लांब करून पाहिलं. वरून काढलेला फोटो. काळी पट्टी. पट्टीवर सहा हिरवट ठिपके. लांबट, एका टोकाला चिमटलेले. नांगर उचलून पुन्हा खाली टेकवायला जेवढी जागा लागते तेवढं ते टोक.

भोपळ्याच्या बिया.

साहेबांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे. "अहो बाई," ते म्हणाले, "हे तर तुमचे..."

"साहेब, कृपा करून एक शब्द बोलू नका," मी म्हटलं. साहेब वळले आणि बांधावर खाली बसून हसायला लागले. तपासनीस बाईंना काही कळेना. मला हसू येत होतं की रडू, ते माझं मलाच समजेना. एकोणीस वर्षं ज्या दगडांना मी शिव्या देत होते, ते सगळे माझ्याच घरात जेवत होते.

बाईंनी लिहून घेतलं. सहा पुंजके. चारांवर पक्षी बसलेले, एकात पिल्लं बाहेर आलेली, एक रिकामा. खाली लिहिलं, वीण चालू आहे. मी उलटं वाचलं. उलटी अक्षरं वाचणं हे टेबलामागच्या नोकरीत आपोआप येतं.

घरी आल्यावर मी ह्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभी राहिले.

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"आणि लोकांना दगड आहे म्हणून सांगायचे?"

"अंडी म्हटलं तर म्हणतात, घाल वरून." हे टोपीची कड चाचपत होते. "दगड म्हटलं की कुणी वाद घालत नाही. फाळ मोडेल म्हणून."

"आणि मला? मला का नाही सांगितलं?"

"तू ऑफिसातली." हे म्हणाले. "तुला खोटं लिहावं लागलं असतं."

"मी एकोणीस वर्षं खोटंच लिहितेय! दगड, दगड, दगड! वर पत्रं पाठवली लोकांना!"

"कोंबडीवाल्याने सांगितलं होतं मला," हे म्हणाले, आणि त्यांच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. म्हणजे इतकी वर्षं हे मनातल्या मनात हसत होते, माझा दुसरा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

"निदान शनिवारी तरी बोलायचं होतं! अंडी आहेत म्हणून! माझा जीव चालला होता इथे!"

"नांगर फिरल्यावर कधी कधी उठून जातात," हे म्हणाले. "रोज बघत होतो. राहतात की नाही कळेपर्यंत अक्कांना तरी कसं सांगणार? तुला तरी कसं सांगणार?"

म्हणून रोजचा चिखल. मी बसलेच खाली. ज्या माणसाला मी चार दिवस मनातल्या मनात बोल लावत होते, तो संध्याकाळी ओढ्याकाठी जाऊन टिटव्या मोजत होता, आणि आशा लावून तोंडघशी पाडायला नको म्हणून गप्प राहत होता. मला लाज वाटली, आणि ह्यांच्यावर माया इतकी दाटून आली की शेवटी मी पुन्हा ओरडलेच, दुसरं काही सुचेना म्हणून.

बारा दिवसांनी पत्र आलं. करार कायम, मुदत एक वर्षाने वाढवली. अक्का काठी टेकत घरी आल्या त्या दिवशी मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग खिडकीतून खाली ओढ्याकडे बघत बसल्या. खडीवाला त्यानंतर एकदा आला होता, पोस्टमनसारखाच फाटकातून परत गेला.

"दोरी," त्या ह्यांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी त्या पट्टीत ट्रॅक्टर घातलास तर मी ह्याच काठीने बघते तुला." हे मान हलवून हो म्हणाले. दुसऱ्याच दिवशी पट्टीच्या चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या आणि त्यांना पांढरी नाडी बांधली, स्वतःपासून जपायला.

ह्या वर्षीचे फोटो परवाच आले. मी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं होतं, की कारणांच्या यादीत घरटं असं एक कारण घाला. उत्तर आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. तोपर्यंत मी इतर निवडते आणि पुढे स्वतः टाइप करते, घरटं. प्रत्येक ठिपक्याला. वेळ जास्त लागतो. लागू दे. कोंबडीवाल्याच्या शेतात पाच निघाले, त्याने आता स्वतः येऊन सांगितलं होतं, "बाई, ह्या वर्षी माझे दगड मी ओळखतो."

सगळे आखून झाले तेव्हा मी मोजले. एक्केचाळीस. घरी आले तर हे बाहेर नांगराचा फाळ पुसत बसले होते.

"ह्या वर्षी दगड किती?" मी विचारलं.

"बेचाळीस."

"चुकलात. मी दोनदा मोजलेत. एक्केचाळीस आहेत."

हे फाळ पुसत राहिले. "एक अक्कांच्या बांधावरच्या झाडाखाली आहे," म्हणाले. "तो वरून दिसत नाही."